कलेचे मुक्तद्वार आणि हातांची जात : हल-हाउसच्या निमित्ताने

जुन्या नामवंत घरांची संग्रहालये करण्याची प्रथा आता जगभर रुळली आहे. घरमालक जातो, वारस पांगतात, आणि मग त्याची खुर्ची, पलंग, चहाची भांडी दोरीपलीकडे मांडून ठेवली जातात. युरोप-अमेरिकेतील अशा अनेक घरांनी या दोरीच्या अलीकडे एक टेबल मांडले आहे. टेबलावर कागद, माती, कात्र्या, रंग, ठसे. कोणीही यावे, हवा तेवढा वेळ बसावे, हाताने काही घडवावे आणि निघून जावे. नाव नोंदवायचे नाही, पैसे भरायचे नाहीत, आधी काही शिकलेले असण्याची अट नाही. ज्याला दिसत नाही त्याला हात लावून पाहता येईल अशी वस्तू ठेवलेली असते. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी उतार केलेला असतो. या प्रकाराला मी येथे 'मुक्तद्वार कलावर्ग' म्हणतो.

आपल्याकडच्या अभिरुचिसंपन्न वर्गाला हा पोरखेळ वाटतो. कला ही साधनेची गोष्ट, ती अर्ध्या तासात कशी यायची, असा त्यांचा आक्षेप. दुसरा एक वर्ग हेच टेबल पाहून कलेचे लोकशाहीकरण झाल्याचे जाहीर करून टाकतो. माझे भांडण दोघांशीही आहे. पहिल्यांशी थोडेच, कारण साधनेची संधी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारली गेली त्यांना अर्ध्या तासाची किंमत विचारली की तो आक्षेप संपतो. दुसऱ्यांशी मात्र जरा सविस्तर भांडावे लागेल.

'सर्वांसाठी खुले' या शब्दांचा अनुभव आपल्याइतका कोणाला असणार? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर दार उघडले. तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्या ओंजळीची किंमत आपल्या माणसांनी डोकी फोडून घेऊन दिली. दार उघडे असणे वेगळे आणि आत जाता येणे वेगळे. इमारतीच्या पायऱ्या, तिकिटाची खिडकी, पहारेकऱ्याची नजर, पाटीवरची भाषा, आडनाव विचारणारा अर्ज ही सगळी दारेच आहेत. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमामुळे पायऱ्यांचा प्रश्न निदान कायद्याच्या कक्षेत आहे. नजरेसाठी उतार कसा बांधायचा, हा प्रश्न कोणत्याही अधिनियमात नाही.

या सगळ्याची तपासणी करण्यासाठी मी अमेरिकेतील शिकागो शहराचे हल-हाउस घेतो. आज संग्रहालय असलेल्या या घरात हा प्रयोग ते संग्रहालय होण्याच्या कितीतरी आधी झाला, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की या घराचा एक धागा बाबासाहेबांच्या गुरूपर्यंत येतो. जॉन ड्यूई १८९४ ते १९०४ या काळात शिकागो विद्यापीठात होते आणि हल-हाउसच्या विश्वस्तांपैकी एक होते. हाताने करता करता माणूस विचार करायला शिकतो, ही त्यांची भूमिका या घरातील वर्गांत रोज तपासली जात होती. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तेथे १९१३ ते १९१६ या वर्षांत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी त्यांच्यासमोर बसला. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी त्यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. बाबासाहेबांचा विचार हल-हाउसमधून आला, असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये. बाबासाहेबांची प्रयोगशाळा वेगळी होती.

हॉलस्टेड रस्त्यावरचे हे घर चार्ल्स हल या धनिकाने १८५६ साली बांधले. १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन तरुण स्त्रिया तेथे राहायला आल्या. भोवती इटालियन, ग्रीक, आयरिश, रशियन ज्यू अशा स्थलांतरित मजुरांची दाट वस्ती होती. १८९१ साली आवारात पहिली नवी इमारत उठली ती चित्रदालनाची, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भुकेल्या वस्तीत आधी चित्रे कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल आणि आपल्यातील कार्यकर्तेही तो विचारतील. त्याचे उत्तर मी आपल्याच चळवळीच्या अनुभवावरून देतो. पोट भरल्यावर संस्कृती, असा क्रम लावणारे लोक संस्कृती नेहमी स्वतःकडे ठेवून घेतात. आपल्या जलशांनी तो क्रम कधीच मानला नाही.

१९०० साली या घरात 'श्रम-संग्रहालय' सुरू झाले. जेन ॲडम्स यांनी आपल्या आत्मकथनात त्याची हकीकत दिली आहे. रस्त्याने जाताना त्यांना एक म्हातारी इटालियन बाई उन्हात बसून हातातल्या साध्या चातीवर सूत काढताना दिसली. आसपासच्या कारखान्यांत तिचीच मुले-नातवंडे यंत्रांवर राबत होती. पण म्हातारीची चाती आणि नातवाचे यंत्र हे एकाच श्रमाच्या इतिहासाचे दोन टप्पे आहेत, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. मुलांना आईबापांची लाज वाटत होती. म्हणून त्यांनी वस्तीतल्याच बायकांना चात्या आणि चरखे घेऊन बोलावले. वेगवेगळ्या देशांच्या चात्या, मग चरखा, मग माग, असा क्रम मांडला. शनिवारी संध्याकाळी लोक येत आणि काम चालू असताना पाहत. वस्तू काचेत बंद नव्हत्या. त्या वापरणारे हात समोर होते. कुंभारकाम, पुस्तकबांधणी, धातुकाम, लाकूडकाम हेही त्यात आले.

या हकिकतीत अँजेलिना नावाची एक मुलगी आहे. ती हल-हाउसमध्ये स्वयंपाकाच्या वर्गाला यायची. तिची आई त्याच वेळी सूत काढून दाखवायला यायची. डोक्याला रुमाल, पायात जाडेभरडे बूट. आईबरोबर कोणी पाहू नये म्हणून ही मुलगी दुसऱ्या दाराने आत शिरायची. एका संध्याकाळी तिने पाहिले, की शिक्षणशास्त्राच्या विद्यालयातून आलेले पाहुणे आईभोवती उभे आहेत आणि तिच्या कौशल्याचे कौतुक करत आहेत. त्यानंतर आईने पलंगाखालच्या पेटीतले हाताने विणलेले कपडे बाहेर काढले तर मुलीला चालू लागले, आणि ती आईच्याच दाराने आत येऊ लागली.

ही हकीकत मी वर्गात सांगतो तेव्हा मुले गप्प होतात. पहिल्या पिढीचा पदवीधर म्हणून मीही दुसऱ्या दाराने शिरण्याचे तंत्र जाणतो. एका साध्या टेबलाने मुलीचे दार बदलले, ही गोष्ट लहान नाही. कलेच्या मोठमोठ्या सिद्धांतांनी एवढेही केलेले नाही.

परंतु समीक्षा म्हणून ही हकीकत वाचली तर दोन गोष्टी खटकतात. मुलीला नाव आहे, आईला नाही. ती काय म्हणाली हेही आपल्यापर्यंत आलेले नाही. तिचे हात आले, तोंड आले नाही. दुसरे असे, की मुलीला आईची किंमत कळली ती पाहुण्यांच्या डोळ्यांतून. वरच्या वर्गातल्या, शिकलेल्या माणसांनी 'वा' म्हटले म्हणून ते सूत मौल्यवान ठरले. उद्या ते पाहुणे आलेच नाहीत तर?

एलन गेट्स स्टार यांच्या अनुभवात हीच गाठ निराळ्या बाजूने दिसते. त्या पुस्तकबांधणी शिकायला मुद्दाम लंडनला कॉब्डेन-सँडरसन यांच्या कार्यशाळेत गेल्या आणि परत येऊन त्यांनी हल-हाउसमध्ये बांधणीचा वर्ग चालवला. हेतू उदात्त होता. मजुराला हाताच्या कामातला आनंद परत मिळावा, हा विल्यम मॉरिस आणि रस्किन यांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. प्रत्यक्षात त्या देखण्या पुस्तकांना गिऱ्हाईक मिळाले ते श्रीमंतच. मजुराला ते परवडणार नव्हते. पुढे या बाई संपकरी कामगारांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या, आणि १९१४ साली हॉटेलातील सेविकांच्या संपात त्यांना अटक झाली. सौंदर्यशास्त्रावर मी जे काही वाचले आहे त्यात या अटकेइतके स्पष्ट विधान मला क्वचितच सापडले.

आता हल-हाउसच्या दाराकडे पाहू. त्या काळात शिकागोतील अशा बहुतेक सेवाघरांच्या वर्गांत काळ्या माणसाला जागा नव्हती. हल-हाउसचा कार्यक्रमही मुख्यतः युरोपातून आलेल्या स्थलांतरितांभोवती फिरत राहिला. जेन ॲडम्स वर्णद्वेषी होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९०९ साली काळ्यांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत त्या होत्या, आणि शिकागोच्या शाळांत वर्णभेदाची विभागणी येऊ नये म्हणून त्यांनी आयडा बी. वेल्स यांना साथ दिली होती. पण १९०१ साली झुंडबळीचा निषेध करताना त्यांनी काळ्या पुरुषांवरचा बलात्काराचा आरोप वादापुरता का होईना गृहीत धरला. तेव्हा वेल्स यांनी वर्तमानपत्रांतील आकडे मांडून जाहीर उत्तर दिले, की बळी पडलेल्या बहुसंख्यांवर तसा आरोपसुद्धा नव्हता. सहानुभूती असलेल्या माणसाच्या मनातही एक बंद दार असते, ते असे. त्यानंतर १९१० साली वेल्स यांनी शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर दक्षिणेतून आलेल्या काळ्या पुरुषांसाठी स्वतःचे केंद्र काढले. तेथे वाचनालय होते आणि रात्रीच्या निवाऱ्याची सोय होती. आपल्या वस्तिगृहांची आठवण व्हावी असेच ते होते. कोणाच्या टेबलाशी जागा मागत बसण्यापेक्षा त्यांनी आपले टेबल मांडले.

१९२० नंतर वस्तीत मेक्सिकन मजूर आले. १९२७ साली हल-हाउसमध्ये कुंभारकामाच्या भट्ट्या सुरू झाल्या, त्यांत या मजुरांचे हात मोठ्या प्रमाणावर होते. हेसूस तोर्रेस हा त्यांच्यापैकीच एक. तो पुढे शिकागोत तांबे आणि मातीच्या कामाचा नामांकित कलावंत झाला. येथे हाताला नाव मिळाले. मुक्तद्वार वर्गाचे समर्थन करायचे तर मी तोर्रेसचे उदाहरण देईन.

शेवटी त्या घराचे काय झाले? १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या परिसरासाठी ती सगळी वस्ती उठवली गेली. फ्लोरेन्स स्काला या त्याच वस्तीतल्या स्त्रीने विरोधाचे नेतृत्व केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, उपयोग झाला नाही. हल-हाउसच्या तेरा इमारतींपैकी मूळ घर आणि भोजनगृह तेवढे ठेवले, आणि १९६७ साली तेथे संग्रहालय उघडले. घर राहिले, शेजार गेला. ज्या संस्थेने प्रत्यक्ष सेवाकार्य पुढे चालवले होते ती पैशाअभावी जानेवारी २०१२ मध्ये बंद पडली. संग्रहालय मात्र चालू आहे, कलेचे उपक्रम करते, आणि आपल्या इतिहासातली भांडणे लपवत नाही, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. तरी माझा प्रश्न उरतोच. ज्यांच्यासाठी दार उघडले होते ते शेजारी उठवले गेल्यावर त्या दाराने येणारे लोक कोण आहेत?

आता आपल्याकडे येतो. माझी आजी केरसुण्या वळायची. शिंदीची पाने वाळवायची, झोडायची, चिरायची आणि मूठ आवळून बांधायची. आजोबा घायपात पाण्यात कुजवून वाख काढायचे आणि त्याची चऱ्हाटे, दावी, कासरे वळायचे. त्या पाण्याची खाज आणि वास महिनोन्‌महिने अंगावरून जात नसे. दिवाळीला गावातल्या घराघरांत नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, लक्ष्मी म्हणून पुजतात. ती लक्ष्मी वळणारी आजी मात्र अंगणाबाहेर उभी राहायची, केरसुणी खाली ठेवायची आणि वरून पदरात पडतील ते दाणे घ्यायची. वस्तू पूज्य, वळणारा अस्पृश्य. एखाद्या वाड्यातले अडकित्ते, समया, पितळी डबे पाहताना, त्यांच्याखाली फक्त शतक आणि गाव लिहिलेले वाचताना, मला हीच दिवाळी आठवते.

दोन वर्षांपूर्वी मी काही विद्यार्थ्यांना घेऊन एका जुन्या वाड्यातील संग्रहालयात गेलो होतो. तेथे सुट्टीनिमित्त असाच मुक्तद्वार वर्ग मांडला होता. उंबरा गुडघाभर उंच, जिना अंधारा. पायाने अधू असलेला आमचा एक विद्यार्थी खालीच थांबला. वरच्या सोप्यात टेबलावर शिंदीची पाने होती आणि शोभेच्या, भिंतीवर टांगायच्या लहान केरसुण्या करायला शिकवत होते. पाटीवर लिहिले होते, 'पारंपरिक ग्रामीण हस्तकला'. शिकवणारी तरुणी शहरातून आलेली होती, प्रेमाने शिकवत होती. तिच्यावर माझा राग नाही. शहरी पोरे खुशीत होती. आमच्या वर्गातली एक मुलगी, जिच्या घरी आजही हा धंदा चालतो, ती हात टेबलाखाली घेऊन बसली होती. परतताना एसटीत ती मला म्हणाली, "सर, माझी पाच मिनिटांत झाली असती. मग सगळ्यांना कळलं असतं ना."

अँजेलिनाची गोष्ट मी तिला त्या वेळी सांगितली नाही, आणि विचारपूर्वक सांगितली नाही. कारण ती गोष्ट येथे पुरी पडत नाही. अँजेलिनाच्या आईच्या सुताला तिच्या गावी विटाळ नव्हता. तिची लाज समुद्र ओलांडल्यावर सुरू झाली आणि कौतुकाने धुऊन गेली. आपल्याकडे काम जन्माने वाटले गेले. बाबासाहेबांनी दाखवून दिले, की येथे नुसते काम वेगळे केलेले नाही, काम करणारी माणसे एकमेकांपासून तोडून वर-खाली रचली आहेत. त्या रचनेत कौशल्याचे कौतुक हाच एक फास होऊ शकतो. 'तुमच्या हातात कला आहे हो', असे म्हणणाऱ्यांनीच ते हात त्या कामाला शतकानुशतके बांधून ठेवले. म्हणून आपल्या चळवळीत काम टाकून देणे हेही एक सर्जन होते. मेलेली ढोरे ओढणे सोडले, महारकी सोडली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. कित्येक गावांत माणसांनी हलगी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही. त्या हलगीचा 'आनंददायी वादन-वर्ग' एखाद्या वाड्यात भरणार असेल तर ती खुंटीला का गेली, हे त्याच टेबलावर सांगितले गेले पाहिजे. हस्तकला-पुनरुज्जीवनवाल्यांना हे कळत नाही. त्यांना हरवलेला हात दिसतो, सोडवून घेतलेला हात दिसत नाही.

हे सगळे म्हणताना स्वतःच्या घराकडे डोळेझाक करता येणार नाही. आपलीही घर-संग्रहालये आता आहेत. दादरचे राजगृह आहे, जे बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर आहे. तेथे ते १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले, आणि शेजाऱ्यांच्या हरकतींमुळे अडलेली संग्रहालयाची परवानगी २०२० साली मिळाली. म्हणजे तेथेही दाराचेच भांडण झाले. ते आपण जिंकलो. पण अशा वास्तूंत आपण आत जाऊन काय करतो? हात जोडतो, फोटो काढतो, बाहेर येतो. आपल्या भावनेची मी टिंगल करीत नाही. ज्यांना कोणत्याच घरात घेतले नाही त्यांना एका घरात मान लववावीशी वाटणारच. तरीही ग्रंथांसाठी घर बांधणाऱ्या माणसाच्या वास्तूत आपले हात जोडलेलेच राहावेत, हे मला पटत नाही. याच्या उलट ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पाहा. पुस्तकांचे ढीग, चित्रे विकणारे, कोपऱ्यात डफ घेऊन उभा शाहीर. तेथे नोंदणी नाही, तिकीट नाही, कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. मुक्तद्वार म्हणजे काय हे आपल्या माणसांना ठाऊक आहे. ते फक्त या घरांच्या आत आलेले नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. अशा एका घरात टेबल मांडून जुने खिळे, शाई आणि कागद ठेवले, आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला स्वतःच्या वर्तमानपत्राचे नाव जुळवून छापायला सांगितले, तर? त्याच्या शेजारी दुसरे टेबल असावे शिंदीच्या पानांचे. तेथे ज्याला केरसुणी वळायची त्याने वळावी, ज्याला त्याच पानाचा कुंचा करून भिंत रंगवायची त्याने रंगवावी, आणि ज्याला हात टेबलाखाली ठेवायचे त्याला कोणी 'कर ना' म्हणू नये. शिकवायला वळणारी बाईच हवी, तिची इच्छा असेल तरच. तिचे नाव पाटीवर हवे, आणि तिला मानधन उद्घाटनाच्या व्याख्यात्याइतके हवे. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा ते अंदाजपत्रक करणाऱ्यांनी ठरवावे.